जुना ट्रॅक्टर घ्यायचा, पण कोणता? मोठा आणि जास्त जुना, की लहान आणि कमी जुना?



सुगी आटोपली, मालाचे पैसे हातात आले, की गावोगाव वापरलेल्या ट्रॅक्टरचे सौदे सुरू होतात. नवा ट्रॅक्टर सगळ्यांच्याच आवाक्यात नसतो, आणि थोडी जमीन असलेल्याने नव्याच्याच मागे लागावे असेही नाही. वापरलेला ट्रॅक्टर नीट पारखून घेतला तर तो पुष्कळ वर्षे साथ देतो. अडचण येते ती निवडीची. सारख्याच किमतीत दोन ट्रॅक्टर समोर येतात. एक मोठा, पण वयाने जास्त. दुसरा लहान, पण वयाने कमी. यांतला कोणता घ्यावा?

आजच्या पत्रिकेत या प्रश्नाचा विचार करू. कंपनीचे नाव मुद्दाम घेत नाही. कोणत्याही कंपनीच्या ट्रॅक्टरला ही पद्धत लागू पडते.

समजा, तुमची ८ एकर जमीन आहे. ५ एकर मोकळे रान, त्यात खरिपाला मका आणि रब्बीला हरभरा किंवा ज्वारी. उरलेल्या ३ एकरांत डाळिंब. तुमच्यापुढे दोन ट्रॅक्टर आहेत:

पहिला : ४५ अश्वशक्तीचा, वय १४ वर्षे, मागणी ३ लाख रुपये.
दुसरा : २४ अश्वशक्तीचा, वय ५ वर्षे, मागणी ३ लाख ३० हजार रुपये.

हे आकडे उदाहरणापुरते आहेत. तुम्ही आपल्या भागातले आकडे घालून हेच गणित करावे.

आधी काम पाहा, मग किंमत

पहिला ट्रॅक्टर बघितला की मन तिकडेच ओढ घेते. "एवढं मोठं धूड तीन लाखांत!" असे वाटते. पण बैल घेताना आपण नुसता देह बघतो का? औताला घ्यायचा की गाडीला, हे आधी ठरवतो. ट्रॅक्टरलाही तोच न्याय लावावा. घरी बसून कागदावर दोन गोष्टी लिहा. आपल्या रानातले सर्वांत जड काम कोणते, आणि सर्वांत अडचणीच्या जागेतले काम कोणते?

जड काम म्हणजे नांगरट. भारी काळ्या जमिनीत दोन फाळी पलटी नांगर खोल ओढायचा तर ४५ अश्वशक्तीच्या आसपासचा ट्रॅक्टर लागतो. २४ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला ते काम झेपत नाही. चाके जागच्या जागी फिरतात, टायर झिजतात, क्लच जळतो, आणि नांगर मात्र वरवरच चालतो. कुळवणी, पेरणी, फवारणी, लहान रोटाव्हेटर आणि बेताची वाहतूक ही कामे तो चांगली करतो.

अडचणीचे काम म्हणजे बागेतले. डाळिंबाची लागवड साधारणपणे १४ बाय १० फुटांवर असते. झाडे वाढली की दोन ओळींत मोकळी जागा पाच-सहा फूटच उरते. मोठ्या ट्रॅक्टरची रुंदीच सहा फुटांच्या आसपास असते. तो आत घातला तर फांद्या मोडतात, फळे झडतात, आणि मोडलेल्या फांदीच्या जखमेतून रोगाला वाट मिळते. लहान ट्रॅक्टर साडेतीन-चार फूट रुंदीचा असल्याने ओळीतून सहज जातो. शिवाय तो वजनाने हलका, त्यामुळे बागेतली जमीन कमी दबते आणि मुळ्यांना हवा मिळते.

म्हणजे आपल्या उदाहरणात नांगरटीला पहिला हवा आणि बागेला दुसरा. दोन्ही कामे एकाकडून होत नाहीत. मग कोणते काम घरच्या ट्रॅक्टरने करायचे आणि कोणते भाड्याने, एवढेच ठरवायचे राहते. नांगरट वर्षातून एकदा. डाळिंबाची फवारणी मात्र बहार धरल्यापासून पुन्हा पुन्हा, आणि ती ठरल्या दिवशीच झाली पाहिजे. पाऊस उघडला आणि भाड्याचा ट्रॅक्टर दोन दिवस आला नाही, तर तेलकट डाग तुमच्यासाठी थांबत नाही.

तासावर जाऊ नका, एकरावर हिशेब करा

दलाल सांगतो, "लहान ट्रॅक्टर तासाला अडीच लिटर डिझेल खातो, मोठा साडेचार लिटर." ऐकायला बरोबर वाटते. पण हिशेब अर्धाच आहे.

पाच फुटी रोटाव्हेटर जोडलेला मोठा ट्रॅक्टर एक एकर साधारण १ तास १० मिनिटांत उरकतो. म्हणजे एकराला सव्वापाच लिटरच्या आसपास डिझेल लागले. साडेतीन फुटी रोटाव्हेटर जोडलेल्या लहान ट्रॅक्टरला त्याच एकराला जवळजवळ २ तास लागतात. म्हणजे ५ लिटर. फरक उरला कुठे? माती फोडायला जेवढी ताकद लागायची तेवढी लागतेच, मग ती एका तासात लावा की दोन तासांत.

हलक्या कामात मात्र गोष्ट उलटते. फवारणीला किंवा चार पोती खत न्यायला ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर काढला, तर डिझेलचा मोठा भाग त्याचे स्वतःचेच अंग ओढण्यात जातो. म्हणून एवढे ध्यानात घ्यावे, की जड कामात दोघांचा डिझेलखर्च एकराला जवळपास सारखा येतो, आणि हलक्या कामात लहान ट्रॅक्टर डिझेल वाचवतो.

मालकाच्या सांगण्यावर विसंबू नका. टाकी काठोकाठ भरा, मोजलेल्या एक एकरात काम करा, आणि पुन्हा काठोकाठ भरा. किती लिटर घातले ते दिसेल. याहून खरा हिशेब नाही.

वर्षाचा खर्च किती?

खरेदीची किंमत हा खर्चाचा एक भाग झाला. दोन्ही ट्रॅक्टर ६ वर्षे ठेवायचे असे धरून पाहू.

मोठ्या ट्रॅक्टरची किंमत ३ लाख. पण मागचे दोन टायर गुळगुळीत झालेले आणि क्लचप्लेट बदलायला आलेली. त्याला लगेच ६० हजार धरा. झाले ३ लाख ६० हजार. सहा वर्षांनी तो दीड लाखाला गेला, तर २ लाख १० हजारांची घट. म्हणजे वर्षाला ३५ हजार. गुंतलेल्या सरासरी रकमेवर १० टक्क्यांनी व्याज २५ हजार ५००. विमा आणि किरकोळ खर्च ६ हजार. एकूण ६६ हजार ५००.

लहान ट्रॅक्टरची किंमत ३ लाख ३० हजार. तेल, फिल्टर आणि बॅटरीला १० हजार. झाले ३ लाख ४० हजार. सहा वर्षांनी १ लाख ६० हजार आले, तर घट १ लाख ८० हजार. म्हणजे वर्षाला ३० हजार. व्याज २५ हजार. विमा वगैरे ५ हजार. एकूण ६० हजार.

हा खर्च ट्रॅक्टर छपरात उभा राहिला तरी होतोच. कर्ज न काढता घरचे पैसे घातले तरी व्याज धरावे, कारण तेच पैसे ठिबकला किंवा विहिरीला लावता आले असते.

आता घरचे काम किती तास आहे ते पाहा. मोठा ट्रॅक्टर बागेत जात नाही. पाच एकरांची नांगरट, दोन हंगामांची रोटाव्हेटर आणि पेरणी, आणि थोडी वाहतूक मिळून त्याला वर्षात साधारण ६० तास काम मिळते. ६६ हजार ५०० भागिले ६० म्हणजे तासाला अकराशे रुपये. वर जुन्या यंत्राची दुरुस्ती तासाला १०० रुपये धरली, की डिझेल घालायच्या आधीच तास बाराशे रुपयांना पडला!

लहान ट्रॅक्टरला मोकळ्या रानातली रोटाव्हेटर आणि पेरणी, बागेतली फवारणी व आंतरमशागत, आणि वाहतूक मिळून १७० तास तरी काम आहे. ६० हजार भागिले १७० म्हणजे सुमारे ३५० रुपये. दुरुस्तीचे ५० धरले तर तासाला ४०० रुपये. यात पाच एकरांच्या नांगरटीचे भाडे वेगळे मिळवा. तरी हिशेब लहानाच्याच बाजूने राहतो.

पण याच्या उलटही होऊ शकते. तुमच्याकडे बाग नसेल, जमीन भारी असेल, घरात स्वतः ट्रॅक्टर चालवणारा मुलगा असेल, आणि गावात नांगरटीला ट्रॅक्टर कमी पडत असतील, तर मोठ्या ट्रॅक्टरला वर्षात ३०० तास काम मिळेल. मग ६६ हजार ५०० भागिले ३०० म्हणजे २२२ रुपये, अधिक दुरुस्तीचे १००. तासाला सव्वातीनशेच्या आत. तेव्हा तोच जुना मोठा ट्रॅक्टर फायद्याचा ठरतो. ट्रॅक्टर महाग की स्वस्त हे वय ठरवत नाही. त्याला वर्षात किती तास काम आहे, ते ठरवते. आणि दोन्ही हिशेब गावच्या भाड्याच्या दरापेक्षा महाग पडत असतील, तर ट्रॅक्टर न घेणे हाच चांगला सौदा समजावा. त्यात कमीपणा नाही.

आणखी एक गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या ट्रॅक्टरवरचा वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. वापरलेल्या ट्रॅक्टरची मागणी जुन्या दराच्या हिशेबाने होत असेल, तर त्याच जातीच्या नव्या ट्रॅक्टरची आजची किंमत विचारून मग बोली करा. शासनाच्या यांत्रिकीकरण योजनेचे अनुदान नव्या ट्रॅक्टरला मिळते, वापरलेल्याला नाही, हेही हिशेबात धरा. अनुदानासाठी आपण पात्र आहोत का, याची चौकशी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात करावी.

पाहणी : बैलाचे दात बघता, तसे

हिशेबात बसणारा ट्रॅक्टर ठरला, की पाहणीला जा. सोबत ओळखीचा फिटर न्या. त्याची दिवसाची मजुरी द्या, ती वाया जात नाही. सकाळी जा, आणि आपण येईपर्यंत इंजिन सुरू करू नये असे आदल्या दिवशीच सांगून ठेवा. गरम इंजिन आपले दुखणे झाकते.

१. गार इंजिनावर रेडिएटरचे झाकण उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग नको. मग तेलाची कांडी काढून पाहा. तेल दुधाळ दिसले तर तेलात पाणी शिरते आहे. असा सौदा सोडून द्यावा. गरम इंजिनाचे झाकण मात्र कधीही उघडू नका, भाजेल.

२. सुरू करून धूर बघा. सुरुवातीचा थोडा पांढरा धूर चालतो, पण इंजिन तापल्यावरही पांढराच येत असेल तर दोष आहे. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. तेव्हा पिस्टन रिंग किंवा लायनरचे काम निघणार. ओढीत सतत काळा धूर आला तर हवेचा फिल्टर, नोझल किंवा डिझेल पंप तपासावा.

३. इंजिन चालू असताना तेल घालायचे झाकण जपून उघडा. तेथून भकभक धूर येत असेल तर इंजिन थकलेले आहे.

४. तासांचे मीटर पाहा, पण एकट्या मीटरवर विश्वास ठेवू नका. मीटर बंद पडलेले किंवा बदललेले असू शकते. क्लच-ब्रेकच्या पेडलवरची झीज, ड्रॉबारच्या भोकाची झीज आणि पीटीओच्या दात्यांची झीज पाहा. मीटर थोडे तास दाखवते आणि पेडल गुळगुळीत, असे असेल तर खरे बोलते ते पेडल.

५. लिफ्टला जड अवजार जोडून वर उचला आणि इंजिन बंद करा. अवजार लगेच खाली बसू लागले तर हायड्रोलिकमध्ये गळती आहे. अवजाराच्या खाली कोणी उभे राहू नये.

६. पुढची चाके जॅकवर उचलून हलवा. किंगपिन आणि बेअरिंगमधला ढिलेपणा हाताला लागतो. स्टीअरिंग फिरवताना किती मोकळे फिरते तेही पाहा.

७. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याजवळ तडा किंवा वेल्डिंग आहे का, ते बारकाईने बघा. नवा रंग दिलेला असेल तर जास्तच बारकाईने बघा.

८. शेवटी ट्रॅक्टर तासभर कामाला लावा. रस्त्यावर फेरी मारून काही कळत नाही. ओढीत गिअर सुटतो का, क्लच घसरतो का, पाण्याचा काटा चढतो का, हे औत लावल्यावरच दिसते. मालक तासभर चालवू देत नसेल, तर तुम्हाला उत्तर मिळाले.

चौदा वर्षांच्या ट्रॅक्टरच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी विचारा. याचे सुटे भाग तालुक्याला मिळतात का? आणि गावच्या फिटरला याचे काम येते का? ही दोन्ही उत्तरे होकारार्थी असतील तर जुन्या यंत्राची फार धास्ती नको. त्याची बनावट साधी असते आणि दुरुस्ती गावातच होते. पण मृगात वाफसा आला आणि एका भागासाठी ट्रॅक्टर आठ दिवस अडला, तर पेरणी हुकते. ते नुकसान कोणत्याही बिलात दिसत नाही.

कागदपत्रे : इसार देण्याआधी

यंत्र चांगले निघाले तरी कागद चांगले असतीलच असे नाही. म्हणून इसाराची रक्कम देण्याआधी पुढील गोष्टी बघा.

नोंदणी पुस्तकातला चेसिस नंबर आणि इंजिन नंबर ट्रॅक्टरवरच्या नंबरांशी स्वतः ताडून पाहा. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ५-५ वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. आपल्या उदाहरणातल्या मोठ्या ट्रॅक्टरची मुदत वर्षभरात संपते. तो खर्च आणि ती खटपट तुमच्या अंगावर येणार, म्हणून किंमत ठरवताना ती वजा करा. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनाला उच्च सुरक्षा नंबरपाटी लागते. ती बसवली आहे का, तेही पाहा.

बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा नोंदणी पुस्तकात लिहिलेला असतो. "हप्ते फिटले" हे तोंडी सांगणे चालत नाही. बँकेचे ना हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा नमुना ३५ हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. थकलेल्या हप्त्यासाठी उद्या ट्रॅक्टर ओढून नेला, तर तो तुमच्याच दारातून नेतील. नाव बदलण्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० भरतात. ट्रॅक्टर परराज्यातला असेल तर नमुना २८ चा ना हरकत दाखला लागतो.

कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यातल्या विक्रीत विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. पुष्कळजण नुसत्या स्टँपपेपरवर व्यवहार उरकतात. ते दोघांनाही महागात पडते. अपघात झाला तर ज्याच्या नावावर नोंदणी त्याच्यावर भरपाईची जबाबदारी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. तेव्हा तुम्ही ट्रॅक्टर विकणारे असाल तर हे कलम जास्तच लक्षात ठेवा.

शेतीसाठी नोंदलेला ट्रॅक्टर वाळू-विटांच्या धंद्याला लावला आणि अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. आणि लहान ट्रॅक्टरला उसाची भरगच्च ट्रॉली जोडू नका. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतात. उताराला मागचे ओझे पुढच्या हलक्या ट्रॅक्टरला ढकलत नेते, आणि मग ब्रेक दाबून उपयोग होत नाही. यात जीव जातात.

थोडक्यात

बाग असेल, ओळींतले काम जास्त असेल आणि नांगरट भाड्याने होत असेल, तर लहान आणि कमी जुना ट्रॅक्टर घ्यावा.

जमीन भारी आणि मोकळी असेल, गावात नांगरटीचे काम भरपूर मिळत असेल, आणि फिटर व सुटे भाग जवळ असतील, तर मोठा जुना ट्रॅक्टर घ्यायला हरकत नाही. मात्र किमतीच्या निदान पाचव्या भागाइतकी रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा.

वर्षाचे काम शंभर तासांच्या आत असेल, तर आधी भाड्याचा दर विचारा. दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून घेण्याचाही विचार करावा. पण पाळ्या, खर्चाची वाटणी आणि नोंदणी कोणाच्या नावावर, हे आधी लिहून ठेवा. भावाभावांतसुद्धा लिहून ठेवा.

ही पत्रिका घडी घालून खिशात ठेवा आणि सौद्याला जाताना सोबत न्या. सौदा करताना घाई दलालाला असते, आपल्याला नाही. आज हा ट्रॅक्टर गेला तर उद्या दुसरा मिळेल. पण एकदा चुकीच्या यंत्रात अडकलेले पैसे सोडवायला अनेक हंगाम लागतात. अंथरूण पाहून पाय पसरावेत, आणि रान पाहून ट्रॅक्टर घ्यावा.